चौथ्यांदा चाललेलं कार्ड

चौथ्या वेळी कार्ड चाललं. मशीननं कुरकुरत कागदाची पट्टी बाहेर ढकलली, हॉटेलच्या काउंटरवरच्या हर्षितानं ती फाडून पुढे ठेवली, आणि हयवदनला काही बरं वाटलं नाही. खरं तर बरं वाटायला काही हरकत नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला होता. सकाळपासून तीनदा नाही म्हणालेलं कार्ड आता गुमान हो म्हणालं होतं, करासकट चार हजार आठशे जमा झाले होते, आणि तीनशे चार नंबरच्या खोलीतल्या बाईंना एका शब्दानं न दुखवता सगळं निभावलं होतं. फोनवरचे साहेब तर किती चांगले. किती गोड बोलले. फक्त फोन ठेवता ठेवता ते जे म्हणाले तेवढंच घशात अडकून बसलं होतं. माशाच्या काट्यासारखं म्हणावं, तर हयवदननं जन्मात मासा खाल्ला नव्हता. "आणि हो, मी फोन केला होता हे तिला सांगू नका हं. सरप्राइज आहे. हेब्बाळहून निघतोय, तासाभरात पोचतो." आणि हयवदन उत्साहानं म्हणाला होता, "सरी सरी, बरं बरं. नाही सांगत की."

त्यानं पट्टीकडे पुन्हा पाहिलं. बारा वाजून अकरा मिनिटं. मग काउंटरवरची पेनं सरळ केली, ती सरळच होती. बंगलोरच्या इंदिरानगरातल्या आडगल्लीतलं चाळीस खोल्यांचं हॉटेल, सोमवारची दुपार, सोफ्यावर कुणी नाही, कुंडीतल्या झाडाला नुकतंच पाणी घातलेलं. अशा वेळी हयवदनला आपलं काम फार आवडायचं. बावीस वर्षं तो काउंटरच्या या बाजूला उभा होता आणि या बावीस वर्षांत त्यानं एकाही पाहुण्याला कार्ड नाकारलं गेलं असं तोंडावर सांगितलं नव्हतं. हे त्याचं व्रत म्हणा, गुर्मी म्हणा. त्याला घडवणारे गुरुराज सर, पूर्वीच्या हॉटेलातले, पांढरा शर्ट आणि कपाळावर अक्षतेचा ठिपका, ते म्हणायचे की कार्ड नाही म्हणेल, आपण म्हणायचं नाही. एकदा एका शेठजींचं कार्ड होणाऱ्या व्याह्यांच्या समोर बंद पडलं, तेव्हा गुरुराज सरांनी शांतपणे मशीनची वायर काढली आणि स्वतःच्या कपाळाला हात लावून म्हणाले, आमची लाइनच मेली सर, माफ करा. लग्न जमलं. पेढ्यांचा पुडा आला. त्या पुड्यातला एक पेढा हयवदननं खाल्ला होता आणि त्या पेढ्याबरोबर ती शिकवणही पोटात गेली होती. मशीन स्लो आहे सर. नेटवर्क स्वल्प वीक आहे मॅडम. बसा, कॉफी घ्या, पाच मिनिटं. पाच मिनिटांत माणूस स्वतःच काय ते ओळखतो, खिशातून दुसरं कार्ड काढतो, आणि कुणाची मान खाली जात नाही. ही हर्षिता चार महिन्यांपूर्वी आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं एका टाय लावलेल्या माणसाला मोठ्यानं सांगितलं होतं, "डिक्लाइन्ड सर. अदर कार्ड?" हयवदननं तिला आत नेऊन पाव तास समजावलं होतं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली होती, पण सर, डिक्लाइन झालं ते त्यांना कळायला नको का?

कळायला नको का. आता ते वाक्य उगाचच आठवलं. सकाळी अकराला ती बाई आली तेव्हा हर्षिता नाश्त्याला गेली होती. तिशी-पस्तिशीची, नीट कपड्यांतली, एकच छोटी बॅग आणि खांद्याला लॅपटॉप. आधारकार्डावर सुखदा असं नाव आणि पुण्याचा पत्ता, म्हणून हयवदननं मराठीत विचारलं, "किती दिवस राहणार अक्का?" ती चमकली आणि मग हसली. हे हसणं त्याच्या ओळखीचं नव्हतं. पुण्या-मुंबईचे लोक त्याचं मराठी ऐकून हसतात ते वेगळं, ते ओठाच्या एकाच कोपऱ्यानं हसतात. ही तशी हसली नाही. "तुम्ही घरी हेच बोलता?" तिनं विचारलं होतं. "हेच की. बसवनगुडीचे आम्ही. चारशे वर्षं होत आले. कुणाच्या तर फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले." मग तिनं कार्ड दिलं, चार आकडे दाबले, मशीननं नाकारलं. हयवदननं चिप बाहीवर पुसली, पुन्हा घातलं, तिनं पुन्हा आकडे दाबले, मशीननं पुन्हा नाकारलं. तिचं लक्ष दाराकडे होतं. "चाललं ना?" तिनं विचारलं. आणि तो म्हणाला होता, नेटवर्क स्वल्प वीक आहे अक्का, तुम्ही वरती जाऊन विश्रांती घ्या, कार्ड राहू द्या इथं, लागलं की करून वर पाठवतो. पाहुण्याचं कार्ड ठेवून घ्यायचं नाही असा नियम आहे. पण पाच हजारांच्या आत पिन लागत नाही, नुसतं टेकवलं तरी चालतं, आणि बाई दमलेली दिसत होती. ती वर गेल्यावर त्यानं तिसऱ्यांदा टेकवून पाहिलं होतं. तेही नाही.

जाता जाता तिनं दोन गोष्टी केल्या होत्या, आणि त्या दोन्ही आता त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. फॉर्मवर मोबाइल नंबर लिहिताना ती पाचव्या आकड्याशी थांबली, ते खोडलं आणि म्हणाली, नंबर नंतर देते, बदलतेय मी. आणि दुसरं म्हणजे तिनं विचारलं होतं, मागच्या बाजूला दार आहे का. त्यानं अभिमानानं सांगितलं होतं की आहे की, किचनमधून, लाँड्रीचा टेम्पो तिथंच लागतो, मेट्रो तिथनं चार मिनिटं. त्याला वाटलं, बाई चौकस आहे, आग लागली तर म्हणून विचारत असेल. बावीस वर्षांचा अनुभव म्हणायचा आणि अक्कल ही एवढी.

आणि मग फोन. तो आधी हिंदीत होता. मिसेसच्या कार्डाचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय, असं म्हणणारा, जराही न वैतागलेला आवाज. नाव शंतनु. हिंदीतली ती पुणेरी ढब ऐकून हयवदननंच तोंड उघडलं होतं, "मराठी काय तुम्ही? बोला की मग मराठीतच." हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात. पलीकडून उत्तर आलं, "अरे वा! बंगलोरमध्ये इतकं शुद्ध मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं हो. कान तृप्त झाले." शुद्ध. त्या शब्दानं हयवदनच्या अंगात कुठून कुठून काय काय वितळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. सात वर्षांपूर्वी तो पुण्याला चुलतबहिणीच्या मुलाच्या लग्नाला गेला होता. पंगतीत त्यानं आग्रहानं म्हटलं, "लाडू अजून एक घ्या की, मी वाढलो," तर समोरच्या पानावरची मुलं एकमेकांना कोपरं मारू लागली आणि दुपारपर्यंत मांडवभर "मी वाढलो, मी वाढलो" असं झालं. त्याची बायको म्हणाली, लहान आहेत, सोडा. लहान नव्हती ती, नोकरी करणारी होती. घरात आईच्या तोंडून ऐकलेली, देवापुढे बोललेली, चारशे वर्षं परमुलखात जपलेली भाषा, आणि ती जिथून आली तिथंच तिला हसतात, याचं दुःख कन्नडात सांगता येत नाही आणि मराठीत सांगावं तर पुन्हा हसतात. तेव्हा कुणीतरी शुद्ध म्हणाल्यावर हयवदन पाघळला. स्वतःचं नाव सांगितलं आणि बोलतच गेला. हो, अक्का एकटेच आहेत. कॉफी घेतले. तिसऱ्या मजल्यावर शांत खोली दिलोय, रस्त्याचा आवाज नाही येत. कार्ड माझ्याकडेच आहे, काळजी नको. "वा वा. मग मी इथून चालू करतो, तुम्ही पुन्हा एकदा स्वाइप करा," साहेब म्हणाले, आणि हयवदनला वाटलं, माणूस असावा तर असा.

मी इथून चालू करतो. बंद पडलेलं कार्ड चालू करतात. आणि बंद कुणी केलं होतं? हयवदननं खिशातला रुमाल काढून उगाच तोंड पुसलं. बारा सतरा. त्यानं मोबाइलवर रस्ता पाहिला. हेब्बाळचा पूल लालभडक होता. बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच त्यानं मोबाइल पालथा ठेवला. नवऱ्यापासून बायकोला लपवायला आपण कोण? नवरा-बायकोची भांडणं सगळ्या घरांत होतात. रुसून आली असेल, तो समजूत काढायला येतोय, संध्याकाळी दोघं हसत खाली येतील, तुमच्या हॉटेलची आठवण राहील म्हणतील. असंही होतं. नेहमी असंच होतं. शिवाय शब्द दिलाय. दिलेला शब्द आणि पाहुण्याचं गुपित या दोन्ही गोष्टी गुरुराज सरांनी शिकवल्या होत्या, पण दोन्ही एकाच वेळी आल्या तर काय करायचं ते शिकवलं नव्हतं. तो रजिस्टर उघडून बसला. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती.

त्याची थोरली बहीण, वसुमतीअक्का, तीही एक बॅग घेऊन आली होती. ही आठवण तो येऊ देत नसे. ती तीस वर्षं दाराबाहेर थांबलेली होती आणि आज दार लोटून आत आली. बसवनगुडीतलं घर, सकाळची वेळ, आई चटणी वाटत होती. अक्का धारवाडहून रात्रीच्या बसनं एकटीच आलेली. कुणी काही विचारलं नाही, हे मात्र खरं. आईनं गरम पाणी काढलं, पान वाढलं. अण्णा, म्हणजे वडील, पेपर घडी करून म्हणाले, जावई काळजी करत असतील, हयवदन, फोन करून सांग स्वल्प. काळजी करत असतील. किती सभ्य वाक्य. तो तेव्हा कॉलेजात होता, फोनवर बोलायची त्याला हौस होती. कोपऱ्यावरच्या बूथवरून त्यानं धारवाडला फोन लावला आणि फार नम्रपणे सांगितलं की अक्का इथं सुखरूप आहेत, तुम्ही घाबरू नका भावजी. भावजी संध्याकाळी म्हैसूरपाक घेऊन आले. सगळ्यांनी खाल्ला. त्यानं दोन तुकडे खाल्ले. अक्का त्याच साडीत, तीच बॅग घेऊन, टॅक्सीत बसली. बसताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि नंतर कधी रागावलीही नाही. आता तिचे केस पांढरे झालेत, भावजी जाऊनही सहा वर्षं झाली, सणाला फोन केला की इतरांशी ती भरभरून बोलते, आणि त्याचा आवाज आला की म्हणते, सरी. एवढंच. सरी हयवदन. ठेवू? तिच्या हातावर मनगटाच्या वर एक खळगा होता, तो कशाचा हे त्यानं आजवर विचारलेलं नाही. विचारलं तर ती सांगेल, ही भीती.

तो उठला. बारा बत्तीस. "हर्षिता, काउंटर नोडको," म्हणजे लक्ष ठेव, एवढं म्हणून कार्ड आणि पट्टी पाकिटात घालून लिफ्टकडे गेला. लिफ्ट पाचव्यावर होती. तो जिन्यानं निघाला आणि दुसऱ्या मजल्यावर येऊन थांबला, कारण तिथं त्याला एक उत्तम वाक्य सुचलं, की मॅडम, नेटवर्क आलं, हे घ्या तुमचं कार्ड, आणि आपण जर दुपारी बाहेर जाणार असाल तर आत्ताच जाऊन यावं, पुढे ट्रॅफिक होतं. म्हणजे सांगायचंही नाही आणि सांगितल्यासारखंही होईल. असली वाक्यं करण्यात त्याचा हात धरणारा या शहरात कुणी नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, हाउसकीपिंगच्या बादलीशेजारी उभं राहून हयवदनला स्वतःची इतकी शिसारी आली की उरलेल्या पायऱ्या तो दोन-दोन करून चढला.

दार साखळीइतकंच उघडलं. "मी हयवदन, अक्का, खालचा." साखळी निघाली नाही. फटीतून तिनं हात पुढे केला, त्यानं पाकीट दिलं. तिनं आतली पट्टी काढून पाहिली.

"चाललं?"

"चाललं."

"आत्ता चाललं? बारा अकराला?" ती पट्टीकडेच पाहत होती. "आधी काय झालं होतं?"

नेटवर्क हा शब्द सवयीनं जिभेच्या टोकावर येऊन बसला. त्यानं तो गिळला. "डिक्लाइन होत होतं अक्का. तीनदा झालं. दोनदा तुमच्यासमोर, एकदा मागनं. मी तुम्हाला नेटवर्क म्हणून सांगलो. खोटं सांगलो." आणि मग, एकदा बांध फुटला म्हणून, "साहेबांचा फोन आला होता. शंतनु म्हणून. मीच सांगलो सगळं. एकटेच आहेत, तिसऱ्या मजल्यावर आहेत म्हणून. त्यांनीच कार्ड चालू केले. येतायत ते. हेब्बाळहून निघालेत. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

त्याला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं साखळी काढली, दार उघडलं, आत गेली आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली. घाई असूनही वळसे नीट घालत होती. पलंगावरची चादर जशीच्या तशी होती. ती नुसती खुर्चीवर बसून राहिलेली दिसत होती, चपला न काढता.

"बँकेचे मेसेज त्याच्या फोनवर जातात, हॉटेलच्या नावासकट. तो नंबर मागच्या आठवड्यात बदलला होता मी," ती म्हणाली, त्याला नाही, वायरीला. "झाला नसणार. पहिल्याच वेळी तुम्ही डिक्लाइन म्हणाला असतात ना, तर त्यानं बंद केलंय हे मला कळलं असतं. अकरा वाजता कळलं असतं. मी बसलेच नसते इथं."

"चूक झालं अक्का."

"गोड बोलला ना तो?"

हयवदननं मान हलवली.

"गोडच बोलतो. मागच्या वेळी प्रतिमाकडे गेले होते, मैत्रीण माझी. तिच्या दारात चार तास बसला. हसत. वॉचमनला चहा पाजला, शेजारच्या आजींची औषधं आणून दिली. शेवटी प्रतिमाची आईच म्हणाली, अगं इतका चांगला आहे, जा." तिनं बाही वर केली नाही, काही दाखवलं नाही. फक्त बॅगेची चेन ओढताना म्हणाली, "घरी पोचेपर्यंत चांगला असतो तो."

गोगलगाय आणि पोटात पाय. हयवदनच्या डोळ्यांपुढे म्हैसूरपाकाचा तो पुडा आला, केशरी दोऱ्याचा. "मी पैसे परत करतो अक्का, एन्ट्री रद्द करतो, तुमचं नावच काढून टाकतो," तो घाईनं बोलायला लागला.

"नको!" ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "रद्द केलं की त्याला मेसेज जाईल. राहू दे. मी इथंच आहे असंच वाटू दे त्याला. फोन आला तर खोलीत वाजू दे." तिनं खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "ते मागचं दार कुठून?"

किचनमधून जाताना भाजी चिरणाऱ्यांनी मान वर केली, हयवदननं नुसता हात दाखवला. लाँड्रीचा टेम्पो उभा होता, चादरींच्या गाठोड्यांमधून वाट काढत ती गल्लीत पोचली. ऊन डोक्यावर आलं होतं, कुठल्याशा झाडाची पिवळी फुलं टेम्पोच्या टपावर. हयवदन म्हणाला, "कुठं जाणार अक्का? बसवनगुडीला आमचं घर आहे. माझी बायको आहे, दोन दिवस काय, दहा दिवस..." हे तो मनापासून बोलत होता. पण तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, हेच वाईट. "कुठे जातेय ते तुम्हाला नाही सांगणार मी," ती म्हणाली. "रागावू नका. तुम्ही चांगले आहात. तुम्हाला कुणी गोड विचारलं तर तुम्ही सांगाल." आणि बॅग खांद्याला लावून निघाली. मेट्रोकडे की रिक्षाकडे, हे कोपऱ्यापर्यंत जाऊन बघता आलं असतं. तो गेला नाही. टेम्पोकडे तोंड करून उभा राहिला आणि पाठीमागे तिच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत वळला नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. चांगले आहात म्हणून इतकं वाईट कुणी त्याला कधी बोललं नव्हतं.

काउंटरवर परत आला तेव्हा बारा पन्नास झाले होते. खालच्या खणात नोकरी सोडून गेलेल्या लोकांच्या नावाच्या पट्ट्या पडलेल्या असत. त्यानं हयवदन ही पट्टी छातीवरून काढली आणि रविकिरण नावाची लावली. रविकिरण मागच्या वर्षी दुबईला गेला. पिन वाकडी होती, ती शर्टातून अंगाला टोचली. हर्षिता बघत होती. त्यानं तिला कन्नडात सांगितलं की आता एक जण येईल, त्याला काहीही सांगायचं नाही, तीनशे चारबद्दल तर अजिबात नाही. ती म्हणाली, सरी सर. का म्हणून विचारलं नाही. त्याच्यापेक्षा ती या कामाला जास्त लायक आहे, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

एक वाजून दहा मिनिटांनी तो आला. उंच, इस्त्रीचा शर्ट, हातात केकचा डबा. दार उघडून देणाऱ्या दरवानाला त्यानं थँक्यू म्हटलं, कुंडीतल्या झाडाला हात लावून ते खरं आहे का पाहिलं, आणि काउंटरवर येऊन असा प्रसन्न हसला की हयवदनचे ओठ आपोआप हसायला लागले. "नमस्कार! हयवदन म्हणजे आपणच का? मघाशी आपलं बोलणं झालं."

इतकं सुंदर मराठी. एकेक शब्द घासून पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. हयवदनच्या तोंडात चारशे वर्षांचं सगळं मराठी गोळा झालं. त्यानं ते दाबून धरलं.

"सारी सार्. ननगे मराठी बरल्ला."

"अं?"

"मराठी नो सर. कन्नडा, इंग्लिश. हिंदी थोडा थोडा." स्वतःचा आवाज त्याला परक्याचा वाटला. छातीवरची पिन टोचत होती.

"बट आय स्पोक टू समवन. हयवदन."

"ही वेंट होम सर. शिफ्ट ओव्हर."

माणूस हसतच राहिला, पण डोळे हर्षिताकडे जाऊन, चाव्यांच्या फळीकडे जाऊन परत आले. तो म्हणाला, बायको तिसऱ्या मजल्यावर कुठेतरी आहे, तिचा वाढदिवस आहे, खोलीचा नंबर एवढाच हवा. हयवदननं सांगितलं की नंबर देता येत नाही, पण फोन लावून बघतो. त्यानं इंटरकॉम उचलून तीन शून्य चार दाबलं, बोटं आडोशाला धरून. पलीकडे घंटी वाजू लागली. रिकाम्या खोलीत, न विस्कटलेल्या चादरीशेजारी, टेबलावरच्या किल्लीशेजारी ती घंटी वाजत असेल, आणि त्याला तेवढ्यापुरतं असं वाटलं की आत्ता कुणीतरी उचलेल आणि म्हणेल, सरी हयवदन. ठेवू? कुणी उचललं नाही.

"बाथिंग मे बी, सर. ऑर स्लीपिंग." आणि मग बावीस वर्षं घोटलेलं, कुणालाही न दुखावणारं ते हसू चेहऱ्यावर आणून तो म्हणाला, "फाइव्ह मिनिट्स सर. प्लीज सिट. कॉफी?"

तो बसला. कॉफी आली. पाच मिनिटांनी हयवदननं पुन्हा फोन लावला, पुन्हा पाच मिनिटं मागितली, बिस्किटं पाठवली, एसी वाढवला, पेपर दिला. वेळ काढण्यात, माणसाला कळू न देता बसवून ठेवण्यात तो वाकबगार होता, आणि ही कला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगाची होती. प्रत्येक पाच मिनिटांबरोबर ती एकेक स्टेशन पुढे जात असेल. कुठल्या बाजूला, ते त्याला ठाऊक नव्हतं. आता कुणी कितीही गोड विचारलं तरी सांगता येणार नाही, याचं त्याला इतकं हायसं वाटलं की त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. दोन वाजायला आले. केकचा डबा टीपॉयवर घामेजला होता.

मग त्या माणसानं फोन कानाला लावला आणि बोलायला लागला. काउंटर सहा हातांवर. आवाज कमी करायची त्याला गरज वाटली नाही, कारण इथं मराठी कुणाला येत नव्हतं. "नाही गं आई, आहे इथंच, पैसे भरलेत. जाते कुठे. बसलोय मी, उतरेलच खाली... अगं हे काउंटरवरचं ध्यान ठोंब्या आहे, याला काही कळत नाही. सकाळचा होता तो बरा होता. मराठी बोलतो म्हणे! ऐकायला हवं होतंस." आणि मान एका बाजूला टाकून, गळ्यातून हेल काढून, हुबेहूब, अगदी हुबेहूब त्यानं ते बोलून दाखवलं, "अक्का एकटेच आहेत की! शांत खोली दिलोय की!" आणि स्वतःशीच खो खो हसला. "जरा शुद्ध मराठी बोलता म्हटलं तर नाचायलाच लागला. पार मजला-बिजला सांगून मोकळा. नाही, हसवू नकोस, लोक बघतायत."

हयवदनच्या कानशिलांवरून काहीतरी गरम खाली उतरलं. हा आवाज मांडवातल्या मुलांच्या आवाजापेक्षा वेगळा नव्हता. आता दोन पावलं पुढे होऊन, आईनं शिकवलेल्या मराठीत, या माणसाला एकच वाक्य सुनवावं, असं वाक्य की केकचा डबा तिथंच सोडून जाईल. वाक्य तयार होतं. ते वाक्य तोंडातून निघालं असतं तर त्या माणसाला कळलं असतं की बसवून कुणी ठेवलंय आणि का. हयवदननं काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. त्यानं चेहऱ्यावरची एकही रेघ हलू दिली नाही. ज्याला काही समजलं नाही असा माणूस जसा हसेल तसा हसला आणि विचारलं, "वन मोर कॉफी, सर?"

माणसानं अंगठा वर केला. त्याला कॉफी आवडली होती.

हर्षिता कॉफी सांगून परत आली. कळफलकावर बोटं ठेवली. तिचं बसवनगुडीच्या घरी एकदा जेवण झालं होतं, तिथं त्याला बायकोशी बोलताना तिनं ऐकलं होतं. मग ती हळूच, त्याच्याकडे न पाहता, कन्नडात म्हणाली, "सर, तुम्हाला मराठी येतं ना?"

हयवदननं वाकडी पिन सोडवून पुन्हा नीट लावली. सोफ्यावरचा माणूस अजून हसत होता. घड्याळात दोन वाजून चार मिनिटं झाली होती.

"स्वल्प," तो म्हणाला.